होसदुर्गचा इशारा

१० ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी बंगळुरू-बेळगाव वंदे भारत गाडीला हिरवा झेंडा दाखवला. सीमाभागातील मराठी प्रवाशाचीही त्यामुळे मोठी सोय झाली. याच मार्गावर बिरूर आणि चिकजाजूर यांच्या दरम्यान होसदुर्ग रोड हे लहानसे स्थानक लागते. ही गाडी तिथे थांबत नाही. धोरणकर्त्यांनी मात्र क्षणभर थांबावे.

फेब्रुवारी २०२३मध्ये या ठिकाणी यशवंतपूर-निजामुद्दीन संपर्क क्रांती एक्स्प्रेससाठी सांधा भलत्याच रुळाकडे जुळलेला होता. चालकाच्या ते वेळीच ध्यानात आले म्हणून अनर्थ टळला. नैऋत्य रेल्वेच्या प्रमुख परिचालन अधिकाऱ्याने लगोलग पत्र लिहिले. सिग्नल यंत्रणेत नियम डावलून होणारी दुरुस्ती रोखली नाही तर गंभीर अपघात होतील, असा इशारा त्यात होता. चार महिन्यांच्या आतच, २ जून रोजी, ओडिशातील बहानगा बाजार येथे चुकीच्या सिग्नलमुळे कोरोमंडल एक्स्प्रेस लूप मार्गावर जाऊन उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे घसरलेले डबे बंगळुरूहून हावड्याला निघालेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यांना भिडले. २९०हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल यंत्रणेतील फेरफाराच्या कामातील त्रुटी कारणीभूत ठरल्या. दोन्ही घटना तंतोतंत सारख्या नव्हत्या. रोग एकच होता.

संसदेत या रोगाची चर्चा तुरळकच. नवी गाडी किंवा थांबा मागितला की मतदारसंघात नाव होते. न झालेल्या अपघाताचे श्रेय कोणत्याच खासदाराला मिळत नाही. सुरेश प्रभू यांनी २५ फेब्रुवारी २०१६ रोजी मांडलेला रेल्वे अर्थसंकल्प अखेरचा ठरला. ती प्रथा मोडल्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण तो दिवस बहुधा घोषणांच्या खैरातीचाच असे. परंतु त्याबरोबर रेल्वेच्या हिशेबावरील सभागृहाची नजरही मंदावली. सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष २०१७-१८मध्ये जाहीर झाला आणि त्यातून पाय चेपण्याची यंत्रे व क्रोकरी खरेदी झाल्याचे महालेखापरीक्षकांनी २०२२च्या अहवालात नोंदवले!

रेल्वेच्या दबावापासून दूर राहावे म्हणून सुरक्षा आयुक्तालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. पण शिफारशी अमलात आणायच्या त्या रेल्वेनेच. आयुक्तांचे अहवाल आणि होसदुर्गसारखे इशारे यांवर काय कारवाई झाली, हे दर अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवणे रेल्वेमंत्र्यांना बंधनकारक करावे.

बंगळुरूला याची निकड अधिक आहे. तिथल्या रस्त्यांवरील मोटारी कमी व्हायच्या तर उपनगरी रेल्वेला पर्याय नाही. १४८ किलोमीटरच्या या प्रकल्पाची पायाभरणी जून २०२२मध्ये चाळीस महिन्यांच्या वायद्यावर झाली. ऑक्टोबर २०२५मध्ये मुदत संपली, तेव्हा चारपैकी एकाही मार्गिकेवर गाडी धावत नव्हती. विलंब झालाच आहे, तर निदान सिग्नल यंत्रणा आणि तिच्या देखभालीचे मनुष्यबळ यांची तजवीज डब्यांचा रंग ठरवण्यापूर्वी व्हावी.