काळजी करावी की घ्यावी?

मृग नक्षत्र जवळ आले की चिंचपाड्यासारख्या गावात दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. रोज सकाळी आभाळाकडे पाहून सुस्कारा टाकणारी एक, आणि बांध दुरुस्त करून, बियाणे निवडून, भाताच्या रोपांचे वाफे तयार करून मोकळी होणारी दुसरी. पाऊस दोघांच्याही हातात नसतो. मात्र तो येण्यापूर्वीचे पंधरा दिवस एकाने काळजी करण्यात घालवलेले असतात आणि दुसऱ्याने काळजी घेण्यात. मराठी भाषेने या दोन्ही गोष्टींना नाम एकच दिले, पण क्रियापदे वेगळी ठेवली. आपल्या घराघरांतील अस्वस्थतेचे मूळ आणि तिच्यावरचा उपाय या दोन क्रियापदांमधील अंतरात दडलेला आहे.

आज मध्यमवर्गीय कुटुंबात काळजीला तोटा नाही. मुलाची प्रवेशपरीक्षा, मुलीचे लग्न, पुण्यातील नोकरी टिकेल की नाही, परदेशातील नातवंडे मराठी बोलतील की नाही, वडिलांचा रक्तदाब. यांतील एकही विषय खोटा नाही. खोटी आहे ती आपली समजूत, की काळजी करणे म्हणजेच प्रेम करणे. जी आई रात्रभर जागत नाही ती निष्काळजी, असे आपण नकळत ठरवून टाकले आहे. या समजुतीची किंमत मुले मोजतात. ज्या घरात प्रत्येक निर्णयापूर्वी 'पण असे झाले तर?' हा प्रश्न दहा वेळा विचारला जातो, तेथील मूल पुढे धाडसाचा कोणताही निर्णय घेऊ शकत नाही. शिवाय काळजी करणाऱ्याला आपण काहीतरी करीत आहोत असा भास होतो. मन दमते, पण काम मात्र जागचे हललेले नसते.

आमच्या तालुक्याने या दोन क्रियापदांमधील फरक फार जवळून पाहिला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची लागण आढळली. देशातील ती पहिली नोंद होती. पशुवैद्यकीय कर्मचारी संरक्षक पोशाख चढवून खुराड्यांत उतरले, लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या, परिसराचे निर्जंतुकीकरण झाले. ही झाली काळजी घेणे. त्याच वेळी शेकडो कोस दूरच्या शहरांत, नवापूर नकाशावर कोठे आहे हेही ठाऊक नसलेल्या माणसांनी नीट शिजवलेले अंडेही ताटातून बाजूला सारले. सत्तर अंश तापमानात हा विषाणू नष्ट होतो, हे तेव्हाही सांगितले जात होते. पण भीतीला कान नसतात. त्या साथीत देशात एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. देशभरातील कोंबडीपालक मात्र कोसळलेल्या भावांमुळे कर्जात बुडाले. काळजी करण्याचा खर्च असा अनेकदा तिसऱ्याच्याच खात्यावर पडतो.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याचे. सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाची पहिली लाट ओसरू लागली होती. त्या निवांत काळात तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी नंदुरबारमध्ये प्राणवायू निर्मितीचा पहिला प्रकल्प उभा केला आणि पुढील काही महिन्यांत त्यात भर घातली. २०२१ च्या उन्हाळ्यात मोठमोठ्या महानगरांत रुग्णांचे नातेवाईक सिलिंडरसाठी वणवण फिरत असताना हा आदिवासीबहुल, मागास म्हणवला जाणारा जिल्हा देशभर अनुकरणीय ठरला. दुसरी लाट येईल ही शंका तेव्हा अनेकांच्या मनात होती. काहींनी ती उगाळत ठेवली. येथे तिचे रूपांतर यंत्रसामग्रीत झाले.

आपण ज्यांची काळजी वाहतो त्या गोष्टी घडतात तरी किती? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चिंताविकाराच्या २९ रुग्णांना आपल्या चिंता लिहून ठेवण्यास सांगितले आणि पुढे त्यांतील किती खऱ्या ठरल्या याचा पडताळा घेतला. सुमारे ९१ टक्के चिंता खऱ्या ठरल्या नाहीत. अभ्यास लहान आहे, पण त्याची रीत कोणालाही घरी वापरता येईल. एक वही घ्यावी, चिंता तारखेसह लिहावी आणि महिन्याने ते पान पुन्हा वाचावे.

दुसरा उपाय बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडला. चिंतेसाठी दिवसातील अर्धा तास आणि एक जागा ठरवून द्यावी. इतर वेळी ती आली, तर तिला 'संध्याकाळी सहाला ये' असे सांगून हातातील कामाकडे वळावे. ठरलेल्या वेळी कागदाचे दोन भाग करावेत: माझ्या हातातले आणि माझ्या हाताबाहेरचे. पहिल्या भागातील एक तरी काम दुसऱ्या दिवशी पार पाडावे. परीक्षेचा निकाल हाताबाहेरचा असतो; मुलाची झोप आणि घरातील शांतता हातातली असते.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. गीतेचा पहिला अध्यायच अर्जुनाच्या विषादाचा आहे. श्रीकृष्ण त्याला 'काही वाईट होणार नाही' असे खोटे आश्वासन देत नाहीत. ते कर्म आणि फळ यांची विभागणी करून दाखवतात. वर सांगितलेल्या कागदाचे दोन भाग याहून वेगळे काय आहेत?

तथापि एक सावधगिरी हवी. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधड होत असेल, नित्याची कामे सुचत नसतील, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे, आजार आहे. तेथे उपदेश नको, डॉक्टर हवा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. ताप आल्यावर औषध घेण्याची लाज वाटत नाही, तशी येथेही वाटू नये.

आणि ज्याच्या डोक्यावर खरेच कर्ज आहे, ज्याच्या घरात खरेच दुखणे आहे, त्याला 'काळजी करू नका' म्हणणे हे सर्वांत स्वस्त सांत्वन होय. ते उच्चारायला काहीच पडत नाही. त्याच्यासोबत बँकेत जाऊन बसणे, रुग्णालयात एक रात्र काढणे, त्याच्या मुलाला तासभर शिकवणे यांना वेळ द्यावा लागतो. समाजकार्य करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने या आठवड्यात असे एक घर शोधावे आणि तेथे जाताना उपदेश घरीच ठेवावा. आपल्या मनातील चिंतेचा भारही त्यामुळे बराच हलका झालेला आढळेल. कारण दुसऱ्याची काळजी घेण्यात गुंतलेल्या मनाला स्वतःची काळजी करीत बसायला फारशी उसंत मिळत नाही.