आकिंचन्य फक्त बायकांच्या कपाटापुरतेच का?

दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याचा दिवस आला की परिग्रहावर बोलणे होते, आणि बोलणाऱ्यांची नजर हटकून बायकांच्या कपाटाकडे वळते. सिल्वासातल्या माझ्या घरी एका कपाटात जुन्या जपानी कपबश्या आहेत, कोकेशी नावाच्या बिनहातापायांच्या लाकडी बाहुल्या आहेत, होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या चित्रांची जुनी पुस्तके आहेत. त्यावरून मला ऐकवले जाते, "काय हो ताई, जैनाच्या घरी एवढा परिग्रह?"

आता बघा हं. ज्या घरात चार-चार प्लॉट पडून आहेत, तिजोरीत वर्षानुवर्षे न घातलेले सोने आहे, तिथे त्याला गुंतवणूक म्हणायचे. बाईने जुन्या बाजारातून एक बशी आणली, की ती मात्र परिग्रह! हा कुठला न्याय?

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येने नाही, मूर्च्छेने, म्हणजे आसक्तीने करून दिली आहे. श्रावकाला सांगितले आहे ते परिमाण: किती ठेवायचे याची मर्यादा आधी बांधा. माझी मर्यादा एक कपाट. नवे आले की जुने कुणाला तरी देऊन टाकते. प्लॉटांची मर्यादा कुणी बांधली आहे का?

"पण उपयोग काय?" असेही विचारतात. अहो, बशी उलटी करून तळ तरी वाचा. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालावे लागे, म्हणून 'निप्पॉन' लिहीत. १९२१ नंतर 'जपान' आले. महायुद्धात हरल्यावर १९५२ पर्यंत बऱ्याच मालावर 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे परक्यांच्या ताब्यातला जपान, असा शिक्का असे. शाळेत न शिकवलेला इतिहास मी भांडी पुसताना शिकले.

जाब विचारायचाच तर हिंसेचा विचारा. किमोनोला खिसा नसतो, म्हणून पिशवीची दोरी कमरपट्ट्यात अडकवायला नेत्सुके नावाचा छोटा कोरीव खुंट असे. त्यातले कितीतरी हस्तिदंती. कितीही सुबक असो, तो माझ्या घरात येणार नाही. पण अशा वस्तूला हात लावू नका असे मला आजवर एकानेही सांगितले नाही. सगळ्यांनी मोजले ते फक्त कप.

सर रतन टाटांनी जमवलेल्या जपानी वस्तू आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तिथे आपण त्याला रसिकता म्हणतो. जपानात निइगाता प्रांतातल्या तोकामाची इथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय आहे. तिथे वारली चित्रे जपून ठेवली आहेत. डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनीही तिथे जाऊन चित्रे काढली. आणि आपण? वारल्यांच्या पाड्यांशेजारी राहतो, आपल्या घरी कामाला वारली बाया येतात. त्यांच्या लग्नघरची तांदळाच्या पिठाने रंगवलेली भिंत आपल्यापैकी कितीजणींनी पाहिली आहे? परक्याची कला जिवापाड जपणे हा परिग्रह असेल, तर शेजाऱ्याच्या कलेकडे पाठ फिरवणे हे काय आकिंचन्य झाले?

तेव्हा भगिनींनो, येत्या पर्वात घरोघरी कागद घेऊन बसा. सोने किती, जमीन किती, कपाटे किती, सगळ्यांचे परिमाण लिहा. पहिली ओळ घरच्या कर्त्या पुरुषाची. आपली कपाटे त्यानंतर उघडू.