‘पार्ट मिळत नाही’ म्हणे!

"याचे पार्ट मिळत नाहीत हो आता. शोभेला ठेवा, नाहीतर देऊन टाका कुणाला तरी."

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. एकदा पालघरला, दोनदा बोईसरला आणि एकदा चक्क मुंबईत, जिथे मी लोकलमधून सतरा किलोचं धूड मांडीवर घेऊन गेलो होतो. गंमत अशी की चौघांपैकी एकानेही यंत्राला स्क्रूड्रायव्हर लावला नाही. कुठला पार्ट गेलाय हेच ज्याला माहीत नाही, तो पार्ट मिळत नाही हे कसं सांगू शकतो? माझं भांडण इथूनच सुरू होतं.

तर मंडळी, विषय आहे केळव्याच्या घरातल्या रेडिओग्रामचा. साठच्या दशकातला, सागवानी पेटीचा, आत इंग्लंडच्या गॅरार्ड कंपनीचा ऑटोचेंजर. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मधल्या उंच दांड्यावर सहा-सात तबकड्या एकावर एक रचून ठेवायच्या. एक संपली की आर्म आपोआप बाजूला जायचा, वरची पुढची तबकडी थप्पकन खाली पडायची आणि आर्म परत येऊन अलगद सुरुवातीच्या रेघेवर टेकायचा. आम्हा पोरांना गाण्यापेक्षा त्या ‘थप्प’चंच जास्त वेड. सगळं दांडे, दाते आणि स्प्रिंगांवर चालायचं.

काका गेले आणि त्यावर क्रोशाचा रुमाल आला, मग फुलदाणी, मग टीव्ही. वीस वर्षं असंच. मागच्या दिवाळीत हौसेने प्लग लावला. ताटली अर्धा फेरा फिरली, घुर्र असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. आर्म हवेत लटकलेला, ना वर ना खाली.

मग नेहमीप्रमाणे घरात परिषद भरली. दादा म्हणाला, विकून टाकू, ॲन्टिकवाले चांगले पैसे देतात. वहिनींनी मोबाईलवर फोटो दाखवला, आतलं सगळं काढून त्यात काचेचे पेले मांडलेले. भाचा म्हणाला, मामा, ब्लूटूथवाला नवीन मिळतो सुटकेसमध्ये. काकू एवढंच म्हणाली, "आता वाजणारच नाही का रे ते?"

(दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. वाच. पुढे तुझ्याबद्दल अजून आहे.)

आता आतली गोष्ट. ताटली उचलली की खाली एक मोठं दातेरी चाक दिसतं. त्याच्या दात्यांमध्ये एका जागी मुद्दाम फट ठेवलेली असते. गाणं चालू असताना ती फट ताटलीच्या दात्यांसमोर असते, म्हणून ताटली मोकळी फिरते. गाणं संपलं की आर्म भराभर आत सरकतो आणि एक चिमुकली पट्टी पुढे ढकलतो. त्या पट्टीला ताटलीचा धक्का लागून मोठं चाक जरासं फिरतं, दाते दात्यांत अडकतात. मग ते चाक बरोबर एक फेरा मारतं आणि त्या एका फेऱ्यात आर्म उचलणं, बाजूला नेणं, तबकडी टाकणं, परत आणणं, सगळं उरकतं. डोकं चालवलंय बघा कुणीतरी!

आणि बिघडलं काय होतं? काहीही नाही. कारखान्यात लावलेलं ग्रीस वाळलं होतं, बस्स. ग्रीस म्हणजे साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेल निघून जातं आणि मागे उरतो फणसाच्या वाळलेल्या चिकासारखा गोळा. त्यामुळे मोठं चाक अर्ध्या फेऱ्यात अडकलं आणि ताटलीला घेऊन बसलं. यंत्र मेलेलं नव्हतं, त्याचे सांधे धरले होते. सांधे धरले म्हणून माणसाला कुणी शोकेसमध्ये ठेवतं का?

अशा वेळी माणसं दोन गोष्टी करतात आणि दोन्ही चुकीच्या. पहिली, आर्म हाताने ओढतात. (दादा!) चाक फेऱ्याच्या मध्यावर असताना आर्मवर जोर केला की आतली पट्टी वाकते, म्हणजे आधी न मोडलेलं आता खरोखर मोडतं. दुसरी, गंज सोडवायचा स्प्रे सगळीकडे फवारतात. दोन दिवस मस्त चालतं, मग स्प्रे उडून जातो आणि जुना चीक पुन्हा घट्ट होतो. वर तो स्प्रे रबराच्या चाकावर गेला की ताटली घसरायला लागते.

मी केलं ते असं. प्लग काढला. ताटलीची क्लिप काढताना पेटीवर जुनं धोतर पसरलं, कारण ती क्लिप टुणकन उडते आणि कपाटाखाली जाऊन बसते. हेअर ड्रायरने चाकाचा खिळा गरम केला, तेव्हा कुठे ते हललं. मग सगळा जुना चीक रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने काढला, शेवटी स्पिरिटने पुसून कोरडं केलं. खिळ्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, घासणाऱ्या भागांवर नवीन ग्रीसचा पातळ हात. त्या चिमुकल्या पट्टीवर मात्र काहीच नाही. ती कोरडीच हवी. तिथे तेल लावलं तर काही महिन्यांनी ते चिकटतं आणि गाणं संपलं तरी आर्म उठत नाही. तीन रविवार गेले. दादाने वाकवलेली पट्टी सरळ केली, एक झिजलेला पितळी बुश बोईसरच्या एका लेथवाल्याने वीस मिनिटांत करून दिला. "एवढंच?" म्हणाला आणि पैसे घेईना. सगळा खर्च चारशे रुपयांच्या आत.

आता मुद्द्यावर येतो. आपण राहतो कुठे? तारापूर एमआयडीसीच्या दारात. सकाळी बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या गर्दीत फिटर, टर्नर, वेल्डर किती असतील मोजा. आणि पलीकडे तारापूरचं अणुवीज केंद्र. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, १९६९ पासून वीज देणाऱ्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून इंधन आणि सुटे भाग मिळणं दुरापास्त झालं. तेव्हा तिथल्या लोकांनी काय केलं? "पार्ट मिळत नाही, शोभेला ठेवा" म्हणाले का? आपल्या माणसांनी दुरुस्त्या करत, भाग इथेच बनवत त्या अर्धशतक चालवल्या. त्याच गावांत आज मिक्सरचं बटण गेलं की मिक्सर भंगारात जातो!

दुकानदाराचा राग मला फारसा येत नाही. त्याला दुरुस्तीत दिवस घालवून दोनशे रुपये मिळणार आणि नवीन विकून त्याच्या कितीतरी पट. राग येतो तो ही पाळी त्याच्यावर आणणाऱ्या व्यवस्थेचा, आणि आपला स्वतःचा. कंपन्या आता स्क्रूऐवजी चिकटवून वस्तू बंद करतात. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, युरोपियन युनियनने २०२४ मध्ये त्याचा कायदा केला. चांगलंच आहे. पण ज्याला वस्तू उघडायचीच नाही, त्याला हक्क देऊन काय उपयोग? हक्काआधी कुतूहल लागतं.

हे मान्य करतो की प्रत्येक जुनी वस्तू जगवायची नसते. घरात जागा नसते, माणसाला वेळ नसतो. आणि "जुनं ते सोनं"वाल्यांचाही मी नाही, आमच्या या पेटीपेक्षा माझा फोन स्वच्छ वाजतो. पण टाकायचं तर निदान उघडून, बघून टाका. न बघता ‘गेलं’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे, आणि आतडी काढून त्यात पेले मांडणं ही त्या आळसाची आरास. (वहिनी, रागावू नका. पेल्यांसाठी मी दुसरं कपाट करून देतो.)

एक सूचना, कुणी हे करणार असेल तर. जुन्या ७८ च्या तबकड्यांना जाड सुई लागते, एलपीला बारीक. आमच्या आर्मवर ती फिरवायची सोय आहे. चुकीच्या सुईने तबकडी खराब होते, म्हणून आधी ते बघा.

परवा काकूला बसवलं आणि माणिक वर्मांची एक तबकडी लावली. खरखर भरपूर होती. तीन मिनिटांत गाणं संपलं, आर्म उठला, बाजूला गेला आणि वरची तबकडी थप्पकन पडली. काकू दचकली आणि मग हसायला लागली. म्हणाली, "हे पडलं की ते चहा मागायचे."

असो. दादा, पेटी विकायची नाही. आणि तुझा तो बंद पडलेला टेबल फॅन टाकू नकोस, रविवारी घेऊन ये.