झाकण लावणारा हात

सुतारकामाच्या कारखान्यात सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात हमखास दिसणारं एक दृश्य आहे. मिस्त्री फळीवर खुणा करतोय, मशीन अजून सुरू व्हायचंय आणि हेल्पर गमचा डबा गुडघ्यांत धरून झाकणाशी झटतोय. आधी हाताने, मग फडक्याने. तेवढ्याने जमलं नाही की पटाशी येते. टोक झाकणाखाली सारायचं, वरून हातोडी मारायची. झाकण निघतं, पण काठाला तडा घेऊन. पुढे तो डबा संपेपर्यंत त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी आणि रबर. दुपारपर्यंत गमवर साय धरते, संध्याकाळी कोणीतरी ती काडीने ढवळून आत मिसळतो आणि तिचे कण कुसवाबरोबर खोबणीत जातात. तिथे गम नीट पसरत नाही, सांधा पूर्ण बसत नाही. वर्षभराने खुर्ची हलायला लागली की आपण लाकडाला दोष देतो.

हा विषय संपादकीयात घ्यावा एवढा मोठा आहे का, असं काही वाचकांना वाटेल. आम्हाला तो मोठा वाटतो. पटाशी सटकली की ती डावा तळहात फाडते, आणि त्या हाताचा पुढचा आठवडा गेला. शिवाय अडकलेल्या झाकणाचं कारण सकाळी शोधून सापडत नाही. ते आदल्या संध्याकाळी, डबा बंद करताना घडलेलं असतं.

पांढऱ्या गमपासून सुरुवात करू, कारण रोजचं काम त्याच्यावरच चालतं. 1959 मध्ये फेविकॉल बाजारात आलं आणि सरस उकळत बसण्यापासून आपल्या धंद्याची हळूहळू सुटका झाली. हा गम म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, आणि एकदा तो झाला की पाण्यात परत विरघळत नाही. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ज्या प्लास्टिकचे डबे आणि बाटल्या असतात, त्याला हा गम धड चिकटतच नाही. झाकण अडकतं ते आट्यांमध्ये गम भरून घट्ट बसतो म्हणून. विश्वास बसत नसेल तर वाळलेल्या आट्यांवर नख फिरवून पाहा. गमची अखंड पट्टी सोलून हातात येते. आठवड्यातून एकदा एवढं सोलून काढलं तरी निम्मा त्रास संपेल.

असं झाकण अडकलंच तर जोर लावण्याआधी ऊब द्यावी. हा पापुद्रा उष्णतेने मऊ पडतो. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं झाकणाभोवती गुंडाळून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मग रबराचा तुकडा किंवा उलटा धरलेला पॉलिश पेपर पकडीसाठी घेऊन फिरवायचं. एकदा पापुद्रा तुटला, की बाकीचं झाकण सहज फिरतं. फारच जुनं असेल तर स्वयंपाकातलं व्हिनेगर फटीत सोडून थांबावं, त्यानेही गम मऊ होतो. नंतर काठ पुसून घ्यावा. बाटलीच्या तोंडात वाळलेली गुठळी मात्र खिळ्याने आत ढकलू नये, बाहेर ओढावी. तोंडात लोखंडी खिळा खोचून ठेवण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. गम किंचित आम्लधर्मी आणि पाण्याचा, त्यात खिळा गंजतो, आणि तो गंज बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडाला लागला की निळसर काळा डाग पडतो. लाकडाची गुळगुळीत खुंटी तेच काम करते.

सनमायका चिकटवायच्या रबरी सोल्युशनचं सगळंच वेगळं आहे. ते पत्र्याला खरोखर चिकटतं. डब्याच्या काठाच्या खोबणीत ओघळ साठतो, त्यावर झाकण दाबलं की आपणच ते चिकटवून ठेवतो. ब्रश काठाला निथळण्याची पद्धत याला जबाबदार आहे. डब्याच्या तोंडावर आडवी तार बांधून ब्रश तिच्यावर निथळावा, बंद करताना खोबण थिनरच्या फडक्याने पुसावी, झाकणाखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवावा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून झाकण सारखं बसवावं. उघडताना रुंद, बोथट पट्टीने काठाभोवती सगळीकडून थोडं थोडं उचलावं. एकाच जागी जोर दिला की काठ वाकतो आणि तो डबा पुन्हा कधीच हवाबंद होत नाही.

इथे एक इशारा ठळक द्यायला हवा. पांढऱ्या गमचं झाकण ऊब देऊन सुटतं म्हणून हाच प्रयोग या डब्यावर कोणी करू नये. या सोल्युशनमध्ये टोल्युइनसारखे द्रव असतात. टोल्युइन 4 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि लांबच्या शेगडीपर्यंत किंवा ग्राइंडरच्या ठिणगीपर्यंत पोचते. मेणबत्ती, लायटर, हीट गन यांतलं काहीही त्या डब्याजवळ जाता कामा नये. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं काठावर ठेवून, उघड्या हवेत, धीराने वाट पाहणं हा एकच मार्ग. विदर्भात मे महिन्यात डब्यात दाबही तयार होतो. तिथे झाकणावर फडकं टाकून हळूहळू वाफ सोडूनच उघडावं.

झटपट चिकटणारा गम आणि पॉलियुरेथेन, हे दोन्ही ओलाव्याने आवळतात. म्हणून कोकणात, पावसाळ्यात त्यांचे हाल अधिक होतात. झटपट गमची बाटली वापरून झाली की उभी धरून टेबलावर हलकेच आपटावी, तोंडातला थेंब आत जाऊ द्यावा, तोंड कोरड्या टिश्यू पेपरने टिपावं. सुती फडकं किंवा कापूस तिथे नको. सुताशी या गमची क्रिया झपाट्याने होते, धूर येतो, बोट भाजतं. उघडलेली बाटली सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. फ्रीजमधून काढली असेल तर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर हवेतलं दव आत जातं. झाकण अडकलंच तर थोडं ॲसिटोन उपयोगी पडतं. वाळलेलं पॉलियुरेथेन मात्र कारखान्यातल्या कुठल्याही द्रवात विरघळत नाही. त्याची बाटली हवा दाबून काढून बंद करावी आणि मुळात लहानच विकत घ्यावी. इपॉक्सीबद्दल एवढंच, की रेझिन आणि हार्डनर यांच्या झाकणांची अदलाबदल झाली की ती कायमची बसली. दोन रंगांचा टेप लावून टाका.

आट्यांना काय लावावं, असं अनेक जण विचारतात. पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट, तेही बाहेरच्या आट्यांनाच, चालतं. लगेच हात धुवावेत, कारण तो तेलकटपणा सांध्यात गेला तर गम धरत नाही. सिलिकॉन स्प्रे मात्र आमच्या मते कारखान्याच्या दारातून आत येऊच नये. त्याचा अंश लाकडावर पोचला तर पॉलिश करताना गोल गोल डोळे पडतात आणि ते घासूनही सहजी जात नाहीत.

यातलं काहीच खर्चाचं नाही. पण हे काम कोणाचं, ते मात्र आपण कधी ठरवलेलं नाही. रंधा कसा धरायचा हे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात दाखवतो, डबा कसा बंद करायचा हे कोणी दाखवत नाही. काठ पुसणं, आटे पाहणं, मोठ्या ड्रममधून दिवसापुरताच गम छोट्या डब्यात काढणं आणि उरलेला ड्रममध्ये परत न ओतणं, हे मिस्त्रीने स्वतः करून दाखवावं. ज्याने शेवटी गम वापरला त्यानेच डबा बंद करून जागेवर ठेवायचा, असा नियम प्रत्येक कारखान्यात असावा.

एक मागणी उत्पादकांकडेही आहे. एक किलोच्या डब्याचं झाकण तडकलं तर नवं झाकण सुटं मिळायला हवं. डबा चांगला, गम चांगला आणि दोन-चार रुपयांच्या झाकणापायी सगळं वाया, हे थांबवणं त्यांना अवघड नाही. पुढच्या वेळी गम आणायला जाल तेव्हा आपल्या दुकानदाराकडे सुट्या झाकणांची मागणी नोंदवा.