नाशिकच्या वाइनला परक्याचे माप कशाला?

नाशिकच्या वाइनविषयी दोन मते फार ठामपणे मांडली जातात. एक मत टीकाकारांचे. ते म्हणतात की विसाव्या अक्षांशावर, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो, तिथे खरी वाइन होऊच शकत नाही. होते ती युरोपची नक्कल. दुसरे मत पर्यटनाच्या जाहिरातींचे: नाशिक म्हणजे भारताची नापा व्हॅली. एक मत नाशिकला खाली ढकलते, दुसरे उचलून धरते, पण नाशिककडे नाशिक म्हणून पाहण्याची तयारी दोन्हींत नाही. एकाच्या हातात फ्रान्समधल्या बोर्दोची फूटपट्टी आहे, दुसऱ्याच्या हातात कॅलिफोर्नियाची.

आधी उन्हाचा मुद्दा घेऊ, कारण तो सर्वांत जुना आहे आणि सर्वांत कमी तपासलेला. वाइनची द्राक्षे तीस ते पन्नास अंश अक्षांशांच्या पट्ट्यातच पिकतात, हा नियम पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. त्यामागचे निरीक्षण खरे आहे. द्राक्षाला गोडीबरोबर आंबटपणाही राखावा लागतो आणि मण्यातले मॅलिक आम्ल गरम रात्री भराभर खर्ची पडते. आम्ल गेले की वाइन बेचव आणि जड लागते. टीकाकारांची चूक पुढे होते. ते नाशिकचे मे महिन्याचे तापमान पाहतात. मे महिन्यात नाशिकच्या वेलीवर द्राक्षे नसतातच.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची काढणी होते. नाशिकच्या वेलाला झोप नाही. इथे त्याला तोडून शिस्त लावावी लागते आणि ही शिस्त वर्षातून दोन छाटण्यांची आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. वेल जवळजवळ बोडका केला जातो, त्याला नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या लख्ख प्रकाशात त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. पावसाळा पाने सांभाळण्यात जातो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते आणि फळ धरते ते पाऊस ओसरल्यावर. मण्यात पाणी उतरते, म्हणजे तो पिकू लागतो, हिवाळ्यात, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. टीकाकार ज्या उन्हाचा दाखला देतात, ते ऊन काडी पिकवते. फळ पिकवते ती थंडी.

ही थंडी नावापुरती नाही. महाराष्ट्रातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे नाव दर हिवाळ्यात येते आणि काही पहाटे तिथला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे दिवसा अठ्ठावीस-तीस अंशांवर गेलेले तापमान रात्री दहा-बारावर येते. दिवसरात्रीतला हा फरक आम्ल टिकवतो, आणि जगातल्या अनेक नामांकित वाइन-प्रदेशांना तो सहजी मिळत नाही. आणखी एक देणगी म्हणजे पिकण्याच्या काळातला कोरडेपणा. ठिबकची चावी शेतकऱ्याच्या हातात असते. वेलाला किती ताण द्यायचा आणि कधी, हे तो ठरवतो. बोर्दोचा बागाईतदार सप्टेंबरमध्ये ढगांकडे पाहत दिवस काढतो. नाशिकच्या शेतकऱ्यालाही अवकाळी आणि गारपिटीने अनेकदा उद्ध्वस्त केले आहे. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट जिल्हा अजून विसरलेला नाही. तरी सर्वसाधारण वर्षी त्याचा काढणीचा महिना कोरडा असतो.

दोन छाटण्यांची ही रीत अडाणी तडजोड आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ब्राझीलकडे पाहावे. तिथल्या आग्नेय भागातल्या डोंगराळ प्रदेशात द्राक्षे उन्हाळी पावसात कुजत. या शतकाच्या आरंभी तिथल्या संशोधकांनी दुहेरी छाटणी करून काढणी कोरड्या हिवाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये नेली. आज तिथल्या शिराज या लाल वाइनला ‘हिवाळी वाइन’ म्हणून स्वतंत्र मान आहे आणि वेळापत्रक उलटवले म्हणून तिला कुणी नक्कल ठरवत नाही. नाशिकचा द्राक्ष-शेतकरी हेच वेळापत्रक आपल्या खाण्याच्या द्राक्षांवर त्याच्या कितीतरी आधीपासून राबवत होता.

उष्ण प्रदेशाची वाइन जडच असते, या समजुतीला ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीने कधीच उत्तर दिले आहे. हंटर उष्ण आणि दमट, काढणीच्या वेळी पाऊस हमखास. पण तिथले सेमियाँ हे पांढरे द्राक्ष लवकर खुडले जाते, त्याच्या वाइनमध्ये अल्कोहोल दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास राहते आणि चांगल्या वर्षाची बाटली वीस वर्षे सहज टिकते. तिथल्या लोकांनी फ्रान्सची बरोबरी करायचा नाद सोडून आपल्या हवामानाला काय जमते ते शोधले. खुद्द बोर्दोही आता शिकते आहे. तापमान वाढू लागल्यावर तिथे 2021 साली सहा नव्या जातींना मान्यता द्यावी लागली आणि त्यांत पोर्तुगालची तोरिगा नासिओनाल आहे. ज्या फूटपट्टीने नाशिक मोजायचे, तिचेच आकडे सरकत आहेत.

‘पण आम्ही नाशिकची वाइन प्यायलो आणि ती शिजल्यासारखी लागली’, असा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. अनुभव खोटा नाही. निदान चुकीचे आहे. स्टीलच्या थंड टाक्यांतून ताजी बाहेर पडलेली पांढरी वाइन मे महिन्यात उघड्या ट्रकमधून विदर्भात किंवा दिल्लीत जाते. मग ती दुकानाच्या पत्र्याखालच्या कपाटात, व्हिस्कीच्या शेजारी, चाळीस अंशांत महिनोन्‌महिने उभी राहते. व्हिस्कीला त्याने फारसे काही होत नाही, वाइन मरते. वाइनला शिजवणारे ऊन द्राक्षबागेतले नसते, विक्रीच्या साखळीतले असते. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीने बुचाऐवजी फिरकीचे झाकण स्वीकारले त्यामागे हेच वास्तव होते. बुचाच्या प्रतिष्ठेपेक्षा बाटलीतला ताजेपणा मोठा मानणारा तो निर्णय उष्ण देशाला शोभणारा होता.

आता दुसरे मत, म्हणजे कौतुकाचे. त्याचे खंडन जास्त निकडीचे आहे, कारण ते आपल्याच माणसांकडून येते.

नापा आणि नाशिक यांच्यात हवामानाचे साम्य जवळजवळ नाही. नापात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, सान पाब्लो उपसागरावरून येणारे धुके बागा थंड ठेवते आणि वेल हिवाळ्यात झोपतो. नाशिकला चार महिने मोसमी पाऊस झोडपतो. डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांशी झुंज हा इथल्या वर्षाचा मोठा खर्च. पिकण्याची दिशाही उलटी आहे. नापात किंवा बोर्दोत द्राक्ष पिकत जाते तसा दिवस लहान आणि थंड होत जातो. नाशिकला पाणी उतरते थंडीत, पण काढणी जवळ येते तसे ऊन चढत जाते. फेब्रुवारीच्या अखेरीस साखर भराभर वाढते आणि साल व बिया मात्र मागे राहतात. काबर्ने सोव्हिन्यॉनसारख्या सावकाश पिकणाऱ्या जातीला हे मानवत नाही. नाशिकच्या अनेक लाल वाइनमध्ये एकाच वेळी हिरवट तुरटपणा आणि जास्त अल्कोहोल जाणवते, त्याचे कारण इथे आहे. नापाची काबर्ने डोळ्यांसमोर ठेवून, महाग ओकच्या पिंपांत वाइन घालून हा दोष झाकण्याचे प्रयत्न खूप झाले. दोष झाकला गेला नाही, किंमत तेवढी वाढली.

कौतुकाचा दुसरा आधार असा की नाशिक हा द्राक्षांचाच जिल्हा, म्हणून वाइनचाही. हा तर्क जिल्ह्याला महाग पडला आहे. थॉमसन सीडलेस या खाण्याच्या जातीचा निर्यातक्षम मणी मोठा, पातळ सालीचा, करकरीत आणि बिनबियांचा हवा. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा. खाण्याच्या द्राक्षात एकरी टनांचा हिशेब असतो, वाइनमध्ये उत्पादन मुद्दाम रोखावे लागते. 2001 साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले. काही वर्षांतच वायनरी भराभर निघाल्या. ग्राहक कोण, वाइन ठेवायची कुठे, विकायची कशी, याचा विचार मागे राहिला. 2008ची जागतिक मंदी आणि त्याच नोव्हेंबरमधला मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलांची मागणी बसवली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि पुढच्या हंगामात अनेक वायनरींनी माल उचललाच नाही. शेतकऱ्यांनी शिराजचे वेल उपटले किंवा त्याच खुंटांवर खाण्याच्या जातींची कलमे बांधली. ज्यांनी नापाचे स्वप्न विकले त्यांच्यापैकी फार थोड्यांनी हा तोटा सोसला.

इथेच आणखी एका दाव्याची वासलात लावली पाहिजे. 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारूच नव्हे असा युक्तिवाद केला गेला. तो टिकणारा नाही. वाइन मद्यच आहे, तिच्यात बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते आणि घराघरांतल्या दारूच्या दुःखाने पोळलेल्या बायांचा विरोध खोडसाळ नव्हता. नाशिकच्या वाइनची बाजू मांडायची तर ती जे आहे ते मान्य करून मांडावी.

आणि ती बाजू भक्कम आहे. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी 1990च्या दशकात गंगापूर धरणाजवळच्या जमिनीत सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ लावले आणि 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. नाशिकची खरी वाट त्या दोन पांढऱ्या जातींनीच दाखवली. शेनँ ब्लाँमध्ये मुळातच भरपूर आम्ल असते. उन्हात थोडे गेले तरी उरते. इथले शेनँ पेरूचा, अननसाचा वास घेऊन येते. त्यातली किंचित गोडी तिखट जेवणाबरोबर जमते, जे बोर्दोच्या लाल वाइनला कधीच जमणार नाही: तिच्यातले टॅनिन मिरचीचा दाह वाढवते. लवकर खुडलेल्या सोव्हिन्यॉनचा गवताळ, लिंबाळ तजेला हाही हिवाळी काढणीचाच गुण.

फसफसत्या वाइनचा पुरावा तर परक्यानेच दिला. मोएट हेनेसी या फ्रेंच समूहाने भारतात शाँदोन काढायचे ठरवले तेव्हा नाशिक जिल्ह्यातली दिंडोरी निवडली आणि 2013 साली तिथली पहिली बाटली आली. फसफसत्या वाइनला साखर कमी आणि आम्ल जास्त असलेली, लवकर खुडलेली द्राक्षे लागतात. फेब्रुवारीचे ऊन चढण्याआधी खुडा संपवता येतो, म्हणून ज्याला नाशिकचा दोष म्हणतात तो इथे आडवा येतच नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीत रेव्हेलो वायनरीने सिसिलीच्या ग्रिलो आणि नेरो दाव्होला या जाती लावल्या. उन्हाच्या बेटावर वाढलेल्या जाती उन्हाच्या जिल्ह्यात आणणे, हे बोर्दोच्या जातींना ऊन सोसायला शिकवण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. लाल वाइनमध्ये शिराज इथे रुळले आहे. चांगल्या वर्षी त्यात मिरीचा झणका आणि जांभळ्या फळांचा गर असतो, आणि ते काबर्नेसारखे मार्चच्या उन्हापर्यंत वाट पाहायला लावत नाही.

मात्र नाशिक म्हणजे एकसंध प्रदेश नव्हे. इगतपुरीला घाटमाथ्याचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पूर्वेला निफाडकडे तो पाचशेच्या आसपास उरतो. कुठे गोदाकाठची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन, तर कुठे उतारावरचा लाल मुरूम. काळ्या जमिनीत वेल माजतो, पाने वाढतात आणि घडाचा कस उतरतो. मुरमाड जमिनीवर तो आटोक्यात राहतो. 2010-11 या वर्षात ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले, पण या सगळ्या फरकांवर ते एकच नाव पांघरते. सुलाने दिंडोरीचे नाव आपल्या शिराजवर छापले, तो अपवाद नियम व्हायला हवा. बाटलीवर तालुका हवा, काढणीचे वर्ष हवे, द्राक्षे कुठल्या बागेतली ते हवे. विकणाऱ्या दुकानात तापमानाची अट हवी आणि ती न पाळणाऱ्याकडून माल परत घेण्याची हिंमत वायनरींत हवी. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने खाण्याच्या द्राक्षांसाठी जेवढे काम केले, तेवढेच वाइनच्या जाती, त्यांचे खुंट आणि तालुकावार छाटणीच्या तारखा यांवर व्हावे. दिंडोरीतल्या शेतकऱ्याला शेनँची छाटणी सप्टेंबरच्या कोणत्या आठवड्यात करावी याचे खात्रीचे उत्तर मिळाले, तर जाहिरातीतल्या नापापेक्षा ते त्याच्या जास्त कामाचे ठरेल.