शेवटचं कडवं कापू नका

यंदा चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत ऑर्केस्ट्रा होता. गाणारा पोरगा तयारीचा. त्यानं माझं गाणं उचललं, पब्लिक नाचलं, नोटा उडाल्या. मीही नाचलो. मग निवेदक माइकवर म्हणाला, "हे होतं एक पारंपरिक भीमगीत." च्यायला! मी सव्वीस वर्षांचा. जिताजागता समोर उभा, घामानं निथळतोय. मी परंपरा कधी झालो?

घरी येऊन हसलो. मग हसू गेलं. कारण हे माझ्या एकट्याचं नाही.

२०२१ च्या मार्चात 'एंजॉय एंजामी' हे तमिळ गाणं आलं. आमच्या गोदीतल्या पोरांना तमिळचा एक शब्द कळत नाही, तरी मोबाइलवर तेच वाजायचं. लिहिलं अरिवूनं, गायलं धी आणि अरिवूनं, संगीत संतोष नारायणनचं. अरिवू दलित. त्याची आजी सिलोनच्या चहामळ्यात राबली. परत आली तर नावावर वीतभर जमीन नाही. तेच दुखणं त्यानं गाण्यात आणलं. आणि ऑगस्टात 'रोलिंग स्टोन इंडिया'नं कव्हर काढलं, त्यावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल. अरिवू गायब! पा. रणजितनं उघड जाब विचारला, बोंबाबोंब झाली, तेव्हा कुठं अरिवूचं वेगळं कव्हर निघालं.

धीच्या गळ्याशी माझं भांडण नाही. पोरगी झकास गाते. पण ज्या आजीच्या घामावर गाणं उभं, तिच्या नातवाला मागाहून वेगळं ताट? ही पंगत आपल्या ओळखीची आहे.

आपल्या जुन्या माणसांनी ही चोरी आधीच ओळखली होती. चोखोबा अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालून गेला. सोयराबाईनं तर जातीसकट घातलं. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) तेच केलं. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतोच. त्यांच्या पाठीशी ना कंपनी ना वकील. म्हणून नाव चालीतच ठोकून बसवलं, गाणाऱ्याला घ्यावंच लागेल असं. गोदीत खोक्यावर मार्का असतो. मार्का पुसला की माल कुणाचाही. ही नाममुद्रा म्हंजे आपला मार्का.

आता डीजे आला. मुखडा, ठोका, परत मुखडा. रील तीस सेकंदांची. शेवटचं कडवं येतच नाही, म्हंजे नाव येतच नाही. मासिकवाल्यांवर तोंड सोडणं सोपं आहे, दोस्तहो. ही कात्री मात्र आपल्याच हातात आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या गर्दीचा व्हिडिओ मीही टाकला. मागं गाणं लावलं, कवीचं नाव लिहिलं नाही. का? सुचलंच नाही. त्या निवेदकालाही सुचलं नसेल.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं : हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं' म्हणायचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही बांधून दिला. कागदावर झकास. पण ज्या गीतकाराचं नावच 'पारंपरिक' झालं, त्याचा वाटा कुणाच्या पत्त्यावर जाणार?

म्हणून जयंती मंडळांना आणि गाणाऱ्या दोस्तांना तीन गोष्टी सांगतो. गाण्याआधी कवीचं नाव माइकवर घ्या. ठाऊक नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना सगळं पाठ असतं. आणि डीजेवाल्याला दम द्या : ठोका पायजे तितका वाजव, पण शेवटचं कडवं सोडायचं नाही.

माझंही गाणं खुशाल गा. पैसा नको. शेवटच्या कडव्यात माझं नाव आहे, तेवढं मोठ्यानं म्हणा.

जय भीम.