आजींचा प्रश्न

निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे एक शब्द हमखास कानावर येतो, तो म्हणजे ‘गठ्ठा’. अमक्या जातीचा गठ्ठा इकडे गेला, तमक्या धर्माचा तिकडे गेला. जणू काही मते ही माणसांची नसून रद्दीवाल्याच्या तागडीत टाकायची वस्तू आहे! कॅनडातल्या शिखांविषयी बोलताना तर आपण हा शब्द डोळे मिटून वापरतो. खोटे कशाला सांगा, आम्हीही वापरीत होतो. तो वापरणे आम्ही का सोडले, त्याची हकीकत यंदा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०२५ च्या एप्रिलात आम्ही उभयता कन्येकडे ब्रॅम्प्टनला होतो. टोरांटोला लागून असलेले हे शहर. इथे दर चार माणसांत साधारण एक शीख. भाजीच्या दुकानात मेथीच्या जुड्या पाहून सौ.चा चेहरा असा खुलला की, एवढा समुद्र ओलांडून आलो तो मेथीसाठीच की काय, असे आम्हाला वाटले.

शेजारी एक शीख कुटुंब राहत होते. आजोबा ऐंशीच्या घरातले, मूळचे जालंधरकडचे. त्यांच्या पत्नी, ट्रकचा धंदा करणारा मुलगा आणि शिक्षिका होण्यासाठी शिकत असलेली नात. सूनबाई इस्पितळात रात्रपाळीला असत, त्यांची गाठ क्वचितच पडे. आम्ही महाराष्ट्रातले हे कळताच आजोबांनी आमचे दोन्ही हात हातात घेतले. “म्हणजे तुम्ही नामदेवजींच्या मुलखातले!” नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे आपण कधीतरी वाचतो आणि विसरून जातो. आजोबा विसरले नव्हते. नांदेडच्या हुजूर साहिबलाही ते जाऊन आले होते. त्या दिवसापासून आमचा संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे ठरून गेला.

निवडणूक २८ एप्रिलला होती. घरोघरच्या अंगणात उमेदवारांच्या पाट्या रोवलेल्या. लिबरलांची लाल, कॉन्झर्व्हेटिव्हांची निळी, न्यू डेमोक्रॅटांची नारिंगी. या शेजाऱ्यांच्या अंगणात मात्र एकही पाटी नव्हती. आम्ही कारण विचारले तेव्हा आजोबा हसून म्हणाले, “लावायची तर तिन्ही रंगांची लावावी लागेल. लोक म्हणतील, सरदाराने पाट्यांचं दुकान टाकलं.”

आमच्या डोक्यातला गठ्ठा तिथेच सुटू लागला.

आजोबा लिबरल पक्षाचे. त्यांचे कारण सरळ होते. परदेशी माणूस घेताना त्याचा वंश पाहणे सोडून त्याचे शिक्षण आणि कसब यांना गुण देण्याची पद्धत कॅनडाने १९६७ साली आणली. त्या वेळी राज्य लिबरलांचे होते. पुढे काही वर्षांनी आजोबा ब्रिटिश कोलंबियातल्या लाकडाच्या गिरणीत फळ्या ओढायला लागले. “ज्याने दार उघडलं त्याला विसरायचं का?” असा त्यांचा सवाल.

दार उघडले म्हणजे आधी ते बंद होते. आजोबांना ती सारी कथा तोंडपाठ होती. १९०७ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हिंदी माणसांचा मताधिकार काढून घेतला. प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही मत नाही. पुढच्याच वर्षी नियम निघाला की, येणाऱ्याने आपल्या देशातून मध्ये न थांबता थेट प्रवास करून यावे. हिंदुस्थानातून तशी बोटच नव्हती! १९१४ साली गुरदित सिंग यांनी ‘कोमागाता मारू’ ही बोट भाड्याने घेऊन ३७६ उतारू व्हँकुव्हरला नेले. दोन महिने ती बोट बंदरात उभी राहिली. वीस-बावीस माणसे सोडली तर कोणालाही खाली उतरू दिले नाही. परत आलेल्यांवर कलकत्त्याजवळ बजबज येथे गोळ्या झाडल्या गेल्या. गेलेले मत परत मिळाले ते १९४७ साली, म्हणजे इकडे आपला तिरंगा फडकला त्याच वर्षी.

“चाळीस वर्षं आमच्या माणसांनी त्या देशात लाकडं कापली, कर भरले, गुरुद्वारे बांधले, पण मत नव्हतं,” आजोबा म्हणाले. “म्हणून मतदानाच्या दिवशी मी कोरी पगडी बांधतो.”

यावर नात म्हणाली, “दादाजी, १९०८ चा तो नियम केला तेव्हाही लिबरलांचंच राज्य होतं हं!” आणि मुलाने पुस्ती जोडली, “बोट परत पाठवली तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्हांचं होतं, हे मी आधीच कबूल करतो.” हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च ही दोन्ही पाने वाचणारी माणसे आम्हाला आवडतात. आम्ही खुर्ची पुढे ओढली.

मुलाचे मत कॉन्झर्व्हेटिव्हांना. धंद्यावरचा कर, कर्जाचे व्याज, रात्री अंगणातून चोरीला जाणाऱ्या मोटारी, हे त्याचे विषय. त्यातून अलीकडे ब्रॅम्प्टन आणि सरे या शहरांत पंजाबी व्यापाऱ्यांना खंडणीसाठी धमक्यांचे फोन येऊ लागले होते. त्याच्या ओळखीच्या एकाच्या दुकानावर गोळ्याही झाडल्या गेल्या. “आणि पगडीचं म्हणाल,” तो म्हणाला, “तर तिकडच्या घोडेस्वार पोलिसांत पगडी बांधायची परवानगी १९९० साली दिली ती कॉन्झर्व्हेटिव्हांच्या जुन्या सरकारनेच. पगडीवाला पहिला मंत्री टिम उप्पल, तोही त्यांचाच, २०११ साली. पण खरं सांगू का अंकलजी? पगडी माझ्या डोक्यावर आहे, ती सांभाळायला मी आहे. सरकारने रस्ता सांभाळावा.”

आजोबांनी मान हलवली. “पण माफी कुठे मागितली तुमच्या हार्परने? २००८ साली, सरेच्या बागेत, मेळ्यात! लोकांनी तिथल्या तिथे सांगितलं, आम्हाला ही मान्य नाही. बोट परत पाठवायचं सरकारने ठरवलं, मग माफीही संसदेतच मागायला हवी. ती २०१६ साली ट्रूडोने मागितली.”

नात नारिंगी पक्षाची. त्या पक्षाचे नेते जगमीत सिंग. कॅनडातल्या मोठ्या राष्ट्रीय पक्षाचे नेतृत्व करणारे ते पहिले शीख. पण नातीचे कारण ते नव्हते. घरभाडे, महाविद्यालयाची फी, आणि आजींची कवळी! २०२२ साली अल्पमतातल्या लिबरल सरकारला पाठिंबा देताना या पक्षाने दातांच्या उपचारांची सरकारी योजना पदरात पाडून घेतली होती. आजींना नवी कवळी त्या योजनेतून मिळाली. “कवळी कुणाची?” यावर आजोबा आणि नात यांच्यात अर्धा तास वाद झाला. आजोबांच्या मते योजना राबवणाऱ्या लिबरलांची, नातीच्या मते ती मागणाऱ्यांची. ज्यांच्या तोंडात कवळी होती त्या आजी मुकाट्याने मटार सोलीत बसल्या होत्या.

नात स्वतः लहानशी पगडी बांधते. शेजारच्या क्युबेक प्रांतात २०१९ साली कायदा झाला. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना, पोलिसांना, सरकारी वकिलांना कामावर असताना धर्मचिन्हे घालण्यास बंदी झाली. म्हणजे तिने शिक्षिकेची पदवी घेतली तरी तिथल्या सरकारी शाळेत ती पगडी बांधून शिकवू शकायची नाही. “आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत सगळेच मोठे नेते या विषयावर जपून बोलले,” ती म्हणाली. “क्युबेकची मतं जातील म्हणून. आमचे पगडीवालेसुद्धा.” एवढे बोलून ती थांबली. “तरी मत त्यांनाच देणार. रागावूनच देणार.”

आता वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो आमच्याही ओठांवर होता. एके दिवशी धीर करून आम्ही तो विचारला: खलिस्तानचे काय?

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “१९८४ साली जे झालं त्याची जखम आहे, नाही म्हणणार नाही. पण १९८५ साली एअर इंडियाच्या विमानात बॉम्ब ठेवला, ३२९ माणसं गेली, त्यांतली बहुतेक कॅनडाचीच नागरिक. तीही आमचीच जखम आहे. उज्जल दोसांझ हिंसेविरुद्ध बोलला म्हणून त्याच वर्षी त्याचं डोकं लोखंडी कांबीने फोडलं. तोच माणूस २००० साली ब्रिटिश कोलंबियाचा मुख्यमंत्री झाला. हेही आमच्याच लोकांत घडलं.” जून २०२३ मध्ये सरेच्या गुरुद्वाराबाहेर हरदीपसिंग निज्जर यांचा खून झाला. सप्टेंबरात ट्रूडोंनी संसदेत भारताकडे बोट दाखवले आणि भारताने तो आरोप साफ नाकारला. त्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांचे मुत्सद्दी घालवून दिले. “त्याचा त्रास कुणाला? आईच्या मयताला गावी जायचं आणि व्हिसाच्या रांगेत अडकलो, अशा माणसाला,” आजोबा म्हणाले. “ओरडणाऱ्याचा आवाज तुमच्या पेपरापर्यंत पोचतो, भाईसाहेब. घराचा हप्ता भरणाऱ्याचा पोचत नाही.”

यात पुढाऱ्यांचाही दोष आहेच. २०२१ च्या शिरगणतीत कॅनडात शीख सुमारे ७ लाख ७२ हजार, म्हणजे शेकडा दोनच. पण ते थोड्या मतदारसंघांत एकवटलेले. शिवाय उमेदवार कोण, हे बहुधा त्या त्या मतदारसंघातले पक्षाचे सभासद ठरवतात. ज्याच्या हाताशी सभासद करून घेणारी माणसे, त्याला तिकीट. मग वैशाखीच्या मिरवणुकीत सगळ्या रंगांचे उमेदवार डोक्याला रुमाल बांधून हजर होतात, लंगरमध्ये पोळ्या लाटतात, आणि जो मोठ्याने बोलतो तोच समाज असे समजून घरी जातात. गठ्ठा बांधायची दोरी पुष्कळदा बाहेरूनच येते.

निकाल लागला. लिबरलांना सर्वांत जास्त जागा मिळाल्या, पण बहुमत हुकले. जगमीत सिंग स्वतःच्या मतदारसंघात पडले आणि त्याच रात्री त्यांनी नेतेपद सोडत असल्याचे सांगितले. ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये लिबरलांच्या आरोग्यमंत्री कमल खेरा यांना कॉन्झर्व्हेटिव्हांचे अमरजित गिल यांनी हरवले. दोन्ही नावे पंजाबीच! ‘आपला माणूस’ दोन्हीकडे असला की मतदाराला नावापलीकडे पाहावेच लागते. शेजारच्या घरात त्या रात्री पूर्ण आनंदी कोणीच नव्हते. आजींनी खीर केली होती, ती मात्र सर्वांनी खाल्ली.

आजींचे मत कोणाला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. आमच्या सौ.ला कळले ते एवढेच. मटार सोलता सोलता दोघींचे मोडक्या हिंदीत बरेच चाले. पाट्या घेऊन दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आजींनी एकच प्रश्न विचारला होता. तो पगडीचा नव्हता, कराचा नव्हता, कवळीचाही नव्हता. “समोरच्या तळघरात पोरं राहतात, त्यांचं तुम्ही काय करणार?”

ती पोरे म्हणजे पंजाबातून शिकायला आलेले विद्यार्थी. जमीन गहाण टाकून आलेले, एका खोलीत सहा-सहा जण झोपणारे, रात्री गोदामात माल उचलणारे. २०२४ च्या जानेवारीत सरकारने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि पुढे नियम आणखी आवळले. घरे महाग झाली की बोट त्यांच्याकडे. त्यांतल्या काहींचे बोट दलालांकडे. दर रविवारी आजी त्यांना डबा भरून देत. त्यांना मत नव्हते, म्हणून त्यांच्या दारात कोणी उमेदवार जात नव्हता.

सौ.ने विचारले, “पण आजी, ती पोरं तुमच्या नात्यातली ना गोत्यातली. तुमच्या घरासाठी काहीच नाही मागितलंत?”

आजी म्हणाल्या, “त्या बोटीतल्या माणसांनाही मत नव्हतं, बेटी. तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी विचारायला हवं होतं ना?”

वाचकहो, आपण दिवाळी साजरी करतो त्याच सुमारास शीख लोक ‘बंदी छोड दिवस’ पाळतात. परंपरा अशी सांगते की, ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या गुरू हरगोबिंदांना बादशहाने सोडायचे ठरवले, तेव्हा ते म्हणाले, बरोबरचे बावन्न राजे सुटल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही. बादशहा म्हणाला, तुमच्या वस्त्राला धरून जेवढे येतील तेवढे न्या. गुरूंनी बावन्न टोकांचा अंगरखा शिवून घेतला, आणि एकेक टोक धरून सारे बाहेर आले. ही गोष्ट सौ.ला सांगितली तीही आजींनीच.

गेल्या आठवड्यात दिवाळीचे म्हणून त्यांना फोन केला. सौ.ने थट्टेने पुन्हा विचारले, “आजी, आता तरी सांगा, मत कुणाला दिलंत?”

आजी हसल्या. म्हणाल्या, “तिघांनीही ‘बघू’ म्हटलं. एकाने मात्र खिशातून वही काढून पोरांच्या घराचा नंबर लिहून घेतला. त्याला दिलं. पक्ष नाही सांगणार. गुप्त असतं ना ते?”